माणूस बाहेरचा, यादी आपली: मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये बाहेरचे कॉन्टॅक्ट कसे सांभाळावेत

संस्थेच्या सामाईक ॲड्रेस बुकात बाहेरच्या लोकांचे पत्ते घालणे हे काम दिसायला किरकोळ आहे. नाव टाका, ईमेल टाका, बटण दाबा. तरी नवा ॲडमिन इथेच हमखास अडतो. फॉर्म भरताना चूक क्वचितच होते, ती त्याच्या आधी झालेली असते. ज्याला कॉन्टॅक्ट करायचे त्याला कुणीतरी गेस्ट (आत येण्याची परवानगी असलेला पाहुणा) करून ठेवलेले असते, किंवा तोच पत्ता सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्याच नावाने भरलेला असतो. एक ईमेल पत्ता डिरेक्टरीत, म्हणजे संस्थेची खाती आणि पत्ते ठेवणाऱ्या नोंदवहीत, एकाच नोंदीवर बसतो, दुसरीवर बसत नाही. एवढे डोक्यात ठेवून पुढे वाचा, कारण खाली येणाऱ्या निम्म्या भानगडी यातूनच निघतात.

समजण्यासाठी एक नमुना घेऊ. तालुक्याच्या गावी तीन शाळा आणि एक कॉलेज चालवणारी शिक्षणसंस्था आहे. दीडशे कर्मचाऱ्यांचे मेलबॉक्स एक्सचेंज ऑनलाइन या मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या मेलसेवेवर आहेत. बाहेरची माणसे म्हणजे सनदी लेखापाल, संस्थेचे वकील, स्कूलबसचा ठेकेदार, गणवेश शिवून देणारा, संगणक दुरुस्तीवाला आणि एक-दोन पाहुणे प्राध्यापक. या सगळ्यांचे पत्ते आज ऑफिसातल्या क्लार्कच्या आउटलुकमध्ये आहेत. क्लार्क रजेवर गेला की मुख्याध्यापक फोन करून विचारतात, "अहो, ते सीए साहेबांचं ईमेल काय आहे?"

आधी ठरवा, हा माणूस आपला कोण

बाहेरचा माणूस डिरेक्टरीत तीन रूपांनी येऊ शकतो.

मेल कॉन्टॅक्ट म्हणजे नुसती पत्त्याची पाटी. त्याला लॉगिन नाही, पासवर्ड नाही, मेलबॉक्स नाही आणि लायसन्सही लागत नाही. आपल्या लोकांना ॲड्रेस बुकात नाव दिसते आणि मेल त्याच्या बाहेरच्या पत्त्यावर जातो. वरच्या यादीतले सीए, वकील, ठेकेदार, शिंपी, दुरुस्तीवाला हे सगळे यातच बसतात.

गेस्ट म्हणजे बाहेरचा माणूस, पण आत येण्याची परवानगी असलेला. टीम्समधल्या चॅनेलमध्ये त्याला घ्यायचे असेल किंवा शेअरपॉइंटवरची फाइल उघडू द्यायची असेल, तर सहसा गेस्ट करावे लागते. पाहुण्या प्राध्यापकाला अभ्यासक्रमाच्या टीममध्ये काम करायचे असेल तर तो गेस्ट. गेस्टचे नाव ॲड्रेस बुकात आपोआप दिसत नाही, ते मुळात लपवलेले असते.

तिसरा प्रकार मेल युजर. त्याला आपल्या डिरेक्टरीत युजर आयडी आणि पासवर्ड मिळतो, पण त्याचा मेल बाहेरच्या पत्त्यावर जातो. मेलबॉक्स एका व्यवस्थेतून दुसरीकडे हलवताना हा उपयोगी पडतो. रोजच्या कामात त्याची गरज जवळजवळ नसते. फॉर्ममध्ये मेल कॉन्टॅक्ट आणि मेल युजर एकाच ड्रॉपडाउनमध्ये एकाखाली एक येतात, म्हणून चुकून निवडला जातो. मग ज्याला नुसता पत्ता हवा होता त्याच्या नावाने एक लॉगिन तयार होऊन पडते. असे बेवारस लॉगिन सुरक्षेच्या दृष्टीने चांगले नाही.

आउटलुकमध्ये प्रत्येकजण स्वतः साठवतो ते पत्ते यांपैकी कशातच येत नाहीत. ते त्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये राहतात, इतरांना दिसत नाहीत आणि ॲडमिनच्या स्क्रीनवरही येत नाहीत. क्लार्कच्या बाबतीत घोळ झाला तो इथे.

अधिकार आणि दरवाजे

हे काम करायला ग्लोबल ॲडमिन असण्याची गरज नाही, आणि नसावेच. एक्सचेंज ॲडमिनिस्ट्रेटर ही भूमिका पुरते. तेवढीही द्यायची नसेल तर एक्सचेंजच्या भूमिकांमधल्या रेसिपियंट मॅनेजमेंट या गटात त्या माणसाला घाला. मेलबॉक्स, ग्रुप आणि कॉन्टॅक्ट त्याला हाताळता येतील, पण साऱ्या संस्थेच्या चाव्या त्याच्याकडे जाणार नाहीत.

वेबवर दोन दरवाजे आहेत. एक मायक्रोसॉफ्ट ३६५ ॲडमिन सेंटर. तिथे डाव्या पट्टीत युजर्सखाली कॉन्टॅक्ट्स आहे. पट्टी आखडलेली असेल तर आधी 'शो ऑल' दाबा. दुसरा एक्सचेंज ॲडमिन सेंटर, तिथे रेसिपियंट्सखाली कॉन्टॅक्ट्स. दोन्हीकडे नोंद तीच दिसते, माल एकाच कोठारातला आहे. पहिल्याचा फॉर्म छोटा आणि सुटसुटीत, दुसऱ्यात तपशील जास्त. नव्याने शिकणाऱ्याने एक्सचेंजचाच दरवाजा धरावा, कारण मेल परत आला की शोध घ्यायची साधने त्याच पट्टीत खाली आहेत. एका दरवाजातून केलेला बदल दुसऱ्यात दिसायला काही मिनिटे लागू शकतात, म्हणून लगेच दिसला नाही तर तोच बदल पुन्हा करू नका.

या सगळ्याच्या खाली जी क्लाउड डिरेक्टरी आहे तिचे नाव मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी. २०२३ मध्ये नाव बदलले, त्याआधी तिला अझ्युर ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणत. जुन्या लेखांत ते नाव दिसले तर वस्तू तीच समजा.

पहिला कॉन्टॅक्ट

नाव भरण्याआधी पत्ता शोधा. कॉन्टॅक्ट्सच्या यादीत वर शोधाची चौकट आहे, तिथे त्या माणसाचा ईमेल पत्ता टाका. मग ३६५ ॲडमिन सेंटरमध्ये युजर्सखालच्या गेस्ट युजर्समध्येही तोच पत्ता शोधा. दोन्हीकडे काही सापडले नाही तरच पुढे चला. या दोन शोधांना एक मिनिटही लागत नाही.

१. रेसिपियंट्स, मग कॉन्टॅक्ट्स, मग 'ॲड अ मेल कॉन्टॅक्ट'. उजवीकडून फॉर्म उघडतो.

२. कॉन्टॅक्टचा प्रकार 'मेल कॉन्टॅक्ट' आहे ना, हे पाहा.

३. फर्स्ट नेम, लास्ट नेम, डिस्प्ले नेम भरा. डिस्प्ले नेम म्हणजे यादीत लोकांना दिसणारे नाव. ते कसे लिहायचे ते पुढच्या भागात येते.

४. एलियस (नोंदीचे छोटे, आतले नाव) विचारला तर रोमन अक्षरांत, जागा न सोडता लिहा. मर्यादा ६४ अक्षरांची. देवनागरी इथे चालत नाही.

५. एक्स्टर्नल ईमेल ॲड्रेस, म्हणजे त्या माणसाचा खरा, बाहेरचा पत्ता. तो टाइप करू नका, त्याच्याकडून आलेल्या मेलमधून कॉपी करा. कॉपी करताना शेवटी रिकामी जागा चिकटून येते, ती काढा.

६. पुढच्या पानावर फोन, कंपनी, डिपार्टमेंट, पद, शहर. हे ऐच्छिक आहे म्हणून लोक सोडून देतात. कंपनी आणि डिपार्टमेंट मात्र जरूर भरा, ग्रुप करताना त्यांच्यावरच भिस्त असते.

७. शेवटच्या पानावर सगळे एकदा वाचा आणि 'क्रिएट' दाबा.

तयार झाल्यावर त्या कॉन्टॅक्टला ब्राउझरमधल्या आउटलुकमधून एक चाचणी मेल पाठवा आणि समोरच्याला फोन करून मिळाला का ते विचारा. पत्त्यात एक अक्षर चुकले आणि तो पत्ता दुसऱ्याच कुणाचा निघाला, तर मेल परत येणार नाही. तो निमूटपणे परक्याच्या हातात पडेल. लेखापालाला जाणारी पगारपत्रके अशीच भलतीकडे जातात.

फोन नंबर भरताना थांबून विचार करा. ही यादी शिपायापासून संचालकांपर्यंत सर्वांना दिसते. ऑफिसचा नंबर ठीक आहे. खासगी मोबाइल नंबर त्या माणसाला विचारल्याशिवाय घालू नये. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालेला आहे, पण कायदा नसता तरी हे विचारायलाच हवे होते.

नावे: सगळ्यात दुर्लक्षित फील्ड

लोक नाव शोधतात ते पहिली दोन-तीन अक्षरे टाइप करून. आउटलुक ती अक्षरे डिस्प्ले नेम, फर्स्ट नेम, लास्ट नेम, एलियस अशा फील्डांच्या सुरुवातीशी जुळवते, मधल्या अक्षरांशी नाही. हे कळले की नावे कशी लिहावीत ते आपोआप सुचते.

डिस्प्ले नेमची सुरुवात 'श्री.', 'सौ.', 'ॲड.', 'डॉ.' यांनी करू नका. आदर मनात असू द्या, पण यादीत तो नावापुढे आला की सगळे वकील एका जागी आणि सगळे 'श्री.' एका जागी गोळा होतात, आणि ॲड्रेस बुक वरून खाली चाळणाऱ्याला आडनाव सापडत नाही. पदवी द्यायचीच असेल तर शेवटी द्या.

देवनागरीत नाव लिहिता येते का? येते. डिस्प्ले नेममध्ये मराठी बिनदिक्कत बसते आणि सुंदर दिसते. पण बहुतेकांचा कीबोर्ड मेल लिहिताना रोमनवर असतो. त्यांनी रोमनमध्ये 'पाटी' एवढी अक्षरे टाइप केली तर देवनागरी 'पाटील' सापडणार नाही. तोडगा सोपा आहे: डिस्प्ले नेम देवनागरीत ठेवायचे असेल तर फर्स्ट नेम आणि लास्ट नेम रोमनमध्ये भरा. शोध त्या फील्डांतही चालतो, त्यामुळे दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. यादीत निम्मी नावे देवनागरीत आणि निम्मी रोमनमध्ये असली की अक्षरानुक्रमाचे तीनतेरा वाजतात, हे वेगळे सांगायला नको. सगळ्यांसाठी एकच पद्धत ठरवा.

एकाच नावाची दोन माणसे महाराष्ट्रात काही दुर्मीळ नाहीत. दुसरी नोंद करताना 'या नावाची नोंद आधीच आहे' असा अडथळा येऊ शकतो. तो आला नाही तरी मेल पाठवणारा गोंधळतोच. नावानंतर कंपनीचे किंवा कामाचे नाव जोडा: 'कुलकर्णी संजय – स्कूलबस', 'कुलकर्णी संजय – लेखापरीक्षण'. आडनाव आधी की नाव आधी, हा वाद संस्थेत एकदाच मिटवा.

धोका मात्र पुढच्या गोष्टीत आहे. कर्मचाऱ्याचा खासगी जीमेल पत्ता त्याच्याच नावाने कॉन्टॅक्ट म्हणून कधीही घालू नका. मुख्याध्यापकांचे नाव यादीत दोनदा दिसू लागते, एक ऑफिसचे आणि एक घरचे. पाठवणारा घाईत वरचे निवडतो आणि परीक्षेची प्रश्नपत्रिका खासगी खात्यात जाऊन पडते. 'साहेबांनी सांगितले' हे कारण पुरेसे धरू नका. साहेबांना समजावून सांगा.

नोंदीला मेलटिप जोडण्याची सोयही आहे. मेल लिहिताना 'टू'मध्ये हे नाव येताच वर एक पिवळी सूचना दिसते. मर्यादा १७५ अक्षरांची. 'बिले दर महिन्याच्या २५ तारखेपर्यंतच पाठवावीत' असे लेखापालाच्या नोंदीवर लिहून ठेवले तर पुढचे पुष्कळ फोन वाचतात.

'मला तर दिसत नाही हो'

कॉन्टॅक्ट केल्यावर अर्ध्या तासात हा फोन येतो. चूक तुमची नसते. डेस्कटॉपवरचे क्लासिक आउटलुक ॲड्रेस बुकाची एक प्रत संगणकावर उतरवून ठेवते आणि त्या प्रतीतच शोधते. ही प्रत साधारण २४ तासांतून एकदा ताजी होते. सर्व्हरवरची प्रतही ठरावीक अंतराने तयार होते, म्हणून दुसरा दिवस उजाडेपर्यंत वाट पाहावी. ब्राउझरमधले आउटलुक थेट सर्व्हरवर शोधते, तिथे नवी नोंद लवकर दिसते. म्हणून तपासणी नेहमी ब्राउझरमध्ये करा.

घाईच असेल तर क्लासिक आउटलुकमध्ये सेंड/रिसिव्ह टॅब, तिथे सेंड/रिसिव्ह ग्रुप्स, मग 'डाउनलोड ॲड्रेस बुक'. पण सर्व्हरवर प्रत तयार झालेली नसेल तर याचाही उपयोग होत नाही. तोवर पूर्ण पत्ता टाइप करून मेल पाठवायला सांगा.

दोन दिवसांनीही दिसत नसेल तर त्या नोंदीत 'ॲड्रेस लिस्टमध्ये लपवा' ही खूण चुकून पडलेली आहे का ते पाहा. ही खूण मुद्दाम ठेवण्याचीही कारणे असतात, त्यातले एक पुढे फॉरवर्डिंगमध्ये येईल.

आणखी एक गैरसमज. सामाईक यादीत नंबर घातला म्हणजे सगळ्यांच्या मोबाइलवर ठेकेदाराचा फोन आल्यावर नाव दिसेल, असे लोक गृहीत धरतात. तसे होत नाही. आउटलुकचे मोबाइल ॲप फोनमध्ये उतरवते ते त्या माणसाचे स्वतः साठवलेले कॉन्टॅक्ट. सामाईक यादी तिथे फक्त शोधता येते. ज्याला फोनवर नाव हवे त्याने तो पत्ता स्वतःच्या कॉन्टॅक्टमध्ये जमा करावा.

शिवाय, यादीत नाव आहे म्हणून त्या माणसाकडून येणारा मेल स्पॅमच्या चाळणीतून सुटत नाही. तो बाहेरचा आहे आणि बाहेरचाच राहतो.

पत्ता आधीच वापरात आहे

'क्रिएट' दाबल्यावर लाल अक्षरांत प्रॉक्सी ॲड्रेस (नोंदीवर लावलेला ईमेल पत्ता) आधीच वापरात असल्याची तक्रार आली, तर सुरुवातीचा नियम आठवा. हा पत्ता दुसऱ्या कुठल्यातरी नोंदीवर बसलेला आहे. संदेश शेवटपर्यंत वाचा, बहुतेक वेळा त्या नोंदीचे नाव त्यातच असते.

हमखास सापडणारा गुन्हेगार म्हणजे गेस्ट. कुणीतरी दोन वर्षांपूर्वी वनड्राइव्हवरची एक फाइल सीएंना शेअर केली, तेव्हा त्यांची गेस्ट नोंद तयार झाली आणि तशीच राहिली. आता तुम्ही त्याच पत्त्याचा कॉन्टॅक्ट करायला गेलात आणि अडलात.

इथे दोन वाटा आहेत. गेस्ट खाते कुणी वापरत नसेल तर ते काढा आणि मग कॉन्टॅक्ट करा. पण काढण्याआधी ज्याने शेअर केले त्याला विचारा, कारण गेस्ट गेला की टीम्स आणि शेअरपॉइंटवरचा त्याचा प्रवेशही जातो. खाते वापरात असेल तर त्याला हात लावू नका. तोच गेस्ट ॲड्रेस बुकात दाखवता येतो. त्यासाठी एक्सचेंजच्या पॉवरशेलमधून, म्हणजे कमांड टाइप करून काम करण्याच्या खिडकीतून, 'सेट-मेलयुजर' या कमांडने त्याची 'यादीतून लपवलेला' ही स्थिती बंद करायची. मेल पाठवणाऱ्याच्या दृष्टीने काम कॉन्टॅक्टसारखेच होते.

उलटा क्रम जास्त त्रासाचा. आधी कॉन्टॅक्ट होता आणि नंतर कुणी त्याच माणसाला टीम्समध्ये बोलावले, तर गेस्ट तयार होतो पण पत्त्याविना, अर्धवट. मग ईमेलवर येणाऱ्या एकदाच वापरायच्या कोडने आत शिरताना तो माणूस अडतो आणि दोष देतो टीम्सला. अशा वेळी आधी कॉन्टॅक्ट काढून मग निमंत्रण नव्याने द्यावे. 'आम्हाला आत घेतच नाही' अशी बाहेरच्याची तक्रार आली की सगळ्यात आधी कॉन्टॅक्टच्या यादीत त्याचा पत्ता शोधा.

ग्रुपमध्ये घालताना

मेल कॉन्टॅक्ट डिस्ट्रिब्युशन लिस्टमध्ये, म्हणजे एका पत्त्यावर आलेला मेल अनेकांना पोचवणाऱ्या यादीत, घालता येतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुपमध्ये, म्हणजे ज्याच्या पाठीशी टीम किंवा शेअरपॉइंट साइट असते त्यात, तो घालता येत नाही. तिथे गेस्टच लागतो. सदस्य जोडताना एखादे नाव शोधूनही सापडत नसेल तर बहुधा कारण हेच असते.

सगळ्या पुरवठादारांना एक मेल पाठवायचा असेल तर हाताने यादी राखण्यापेक्षा डायनॅमिक डिस्ट्रिब्युशन लिस्ट बरी. करताना सदस्यांचा प्रकार 'बाहेरचा पत्ता असलेले मेल कॉन्टॅक्ट' एवढाच निवडा आणि अट द्या: डिपार्टमेंट बरोबर 'पुरवठादार'. नवा पुरवठादार नोंदवताना डिपार्टमेंट बरोबर भरले की तो आपोआप यादीत येतो. सदस्यांची ही मोजणी दर २४ तासांनी होते, त्यामुळे आज भरलेला माणूस उद्या यादीत येईल. स्पेलिंग मात्र तंतोतंत हवे. एका नोंदीत 'पुरवठादार' आणि दुसरीत 'पुरवठादार कंपनी' असेल तर दुसरी वगळली जाते, आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही. म्हणून डिपार्टमेंटचे चार-पाचच शब्द ठरवून ते एका कागदावर लिहून ठेवा.

पुरवठादारांच्या ग्रुपवर पुरवठादारानेच उत्तर पाठवले की त्याला मेल परत येतो, कोड ५.७.१३३. नवा ग्रुप मुळात फक्त आतल्या लोकांचे मेल स्वीकारतो, आणि कॉन्टॅक्ट सदस्य असला तरी बाहेरचाच धरला जातो. ग्रुप उघडून सेटिंग्जमधल्या डिलिव्हरी मॅनेजमेंटमध्ये 'संस्थेच्या आतले व बाहेरचे दोघेही' हा पर्याय निवडा. पण ते खरोखर हवे आहे का, याचा आधी विचार करा. एकदा उघडले की तो पत्ता माहीत असलेला कुणीही सगळ्या पुरवठादारांना एका फटक्यात मेल पाठवू शकतो. सूचना देण्यापुरता ग्रुप असेल तर तो बंदच ठेवावा.

कॉन्टॅक्टकडे मेल वळवणे

निवृत्त झालेल्या लेखनिकाचे मेल काही दिवस बाहेरच्या सल्लागाराकडे जावेत, अशी मागणी येते. त्यासाठी सल्लागाराचा कॉन्टॅक्ट करून, तो यादीतून लपवून, लेखनिकाच्या मेलबॉक्सच्या फॉरवर्डिंगमध्ये निवडतात. सगळे बरोबर केलेले असते, तरी मेल जात नाही आणि ५.७.५२० असा कोड येतो. आपोआप बाहेर मेल वळवणे मायक्रोसॉफ्टने मुळातच बंद ठेवलेले आहे, कारण खाते चोरणारे पहिले काम हेच करतात. डिफेंडर या मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा पोर्टलमधल्या आउटबाउंड स्पॅम पॉलिसीत, म्हणजे बाहेर जाणाऱ्या मेलच्या नियमांत, हे ठरते. सर्वांसाठी तो उघडू नका. वेगळी पॉलिसी करून तेवढ्या एका मेलबॉक्सपुरते उघडा, आणि कधी बंद करायचे ती तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

मेल खरेच कुठे गेला हे पाहायला एक्सचेंज ॲडमिन सेंटरमध्ये मेल फ्लोखाली मेसेज ट्रेस आहे. पाठवणारा, मिळणारा आणि दिवस टाकले की मेल पोचला, अडला की परत आला ते दिसते. 'पाठवला होता' आणि 'मिळाला नाही' यांतले भांडण मिटवायला हे उत्तम.

बदल आणि डिलीट

पत्ता बदलला तर नोंद उघडून बाहेरचा पत्ता बदला. डिलीट करून नवी करू नका. यामागे ठोस कारण आहे.

आउटलुक 'टू'मध्ये नाव सुचवते ते आठवणीतून. त्या आठवणीत ईमेल पत्त्याऐवजी त्या नोंदीची आतली ओळख साठवलेली असते. तुम्ही नोंद काढून त्याच नावाची, त्याच पत्त्याची नवी केली तर बाहेरून सगळे जसेच्या तसे दिसते, पण आतली ओळख बदललेली असते. मग जुन्या सूचनेवर क्लिक करून पाठवलेला मेल परत येतो आणि त्यात 'आयएमसीईएईएक्स' (IMCEAEX) या अक्षरांनी सुरू होणारा एक लांबलचक, अगम्य पत्ता दिसतो. पाहणाऱ्याला वाटते व्हायरस आला.

एक-दोघांनाच त्रास होत असेल तर त्यांना सांगा: 'टू'मध्ये नावाची सुरुवात टाइप करा, सूचना आली की तिच्या उजवीकडची फुली दाबून ती काढा आणि नाव ॲड्रेस बुकातून नव्याने निवडा. पन्नास जणांना होत असेल तर जुनी ओळख नव्या नोंदीलाच जादा पत्ता म्हणून चिकटवावी लागते, त्या प्रकाराला एक्स५०० म्हणतात. परत आलेल्या मेलमधला तो लांब पत्ता घ्या, सुरुवातीचे 'आयएमसीईएईएक्स-' काढा, शेवटचे @ आणि त्यापुढचे सगळे काढा. मग प्रत्येक _ च्या जागी / टाका, +२० च्या जागी एक रिकामी जागा, +२८ आणि +२९ च्या जागी उघडता व मिटता कंस, +2E च्या जागी टिंब. जे उरेल ती जुनी ओळख. एक अक्षर चुकले तरी चालत नाही, म्हणून नोटपॅडमध्ये सावकाश करा.

डिलीटबद्दल आणखी एक. कर्मचाऱ्याचे युजर खाते काढले तर ते 'डिलीटेड युजर्स'मध्ये ३० दिवस राहते आणि परत आणता येते. कॉन्टॅक्टला अशी कचरापेटी नाही. गेला तो गेला, आणि ज्या ज्या ग्रुपमध्ये होता तिथूनही गेला. म्हणून शंका असेल तेव्हा काढण्याऐवजी यादीतून लपवा. महिनाभर कुणी विचारले नाही तर मग काढा. कुणी काय बदलले हे शोधायची वेळ आली तर मायक्रोसॉफ्ट परव्ह्यूमधल्या ऑडिटमध्ये कॉन्टॅक्ट तयार करणे, बदलणे, काढणे यांच्या नोंदी मिळतात. साध्या लायसन्समध्ये त्या १८० दिवस टिकतात.

एकदम शंभर नोंदी

दहापर्यंत हातानेच करा, लवकर होतात. शंभर असतील तर एक्सेलमध्ये तक्ता करून एक्सचेंजच्या पॉवरशेलने चढवावे. इथे नवखे अडतात ते एका गोष्टीवर: कॉन्टॅक्टचे दोन भाग असतात आणि त्यांच्या कमांड वेगळ्या आहेत. 'न्यू-मेलकॉन्टॅक्ट' नोंद तयार करते, तीत नाव आणि ईमेल पत्ता जातो. फोन, कंपनी, डिपार्टमेंट, शहर हे मात्र नंतर 'सेट-कॉन्टॅक्ट'ने भरावे लागते. लपवणे, मेलटिप, जादा पत्ते यांसाठी 'सेट-मेलकॉन्टॅक्ट'. पहिल्या कमांडलाच फोन नंबर देऊन 'असा पर्याय नाही' हे उत्तर मिळाले की लोक तासभर स्पेलिंग तपासत बसतात.

तक्त्याच्या दोन खोड्या. एक्सेल +९१ने सुरू होणारा नंबर आकडा समजून + गिळते आणि लांब नंबर मधेच 'इ' घालून आखडून दाखवते. तो स्तंभ भरण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. आणि देवनागरी नावे असतील तर जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. साधे सीएसव्ही निवडले तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे चढतात, आणि ती शंभर नोंदींतून हाताने काढावी लागतात. आधी तीन ओळींचा तक्ता चढवून पाहा. हाच तक्ता जपून ठेवला की कचरापेटी नसलेल्या यादीची ती तुमची प्रतही होते.

बटणेच दबत नाहीत तेव्हा

कॉन्टॅक्ट उघडला, पण बदल जतन होत नाही आणि 'ही नोंद संस्थेतल्या सर्व्हरवरून सिंक होते' अशा अर्थाचा संदेश येतो. म्हणजे तुमच्या संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरची ॲक्टिव्ह डिरेक्टरी (वर आलेल्या क्लाउडवाल्या डिरेक्टरीपेक्षा ही वेगळी) अजून चालू आहे आणि क्लाउडमध्ये दिसते ती तिची सावली. मूळ नोंद तिथे बदला. तिथल्या नोंदी क्लाउडमध्ये नेणारे एन्ट्रा कनेक्ट मुळात दर ३० मिनिटांनी सिंक करते, तेवढा वेळ थांबा. क्लाउडमध्ये कितीही वेळा जतन केले तरी काही होणार नाही.

आणि बाहेरच्या माणसाने 'तुमची फाइल उघडत नाही, विनमेल.डॅट असे काहीतरी येते' असे कळवले तर कॉन्टॅक्ट पुन्हा करू नका, त्याचा दोष नाही. आउटलुकने मेल रिच टेक्स्टमध्ये पाठवला आणि समोरच्या प्रोग्रामला ते समजले नाही, एवढाच प्रकार. मेल फ्लोखाली रिमोट डोमेन्स उघडा, डिफॉल्ट निवडा आणि रिच टेक्स्टच्या पर्यायात 'नेव्हर' करा. मग पाठवणाऱ्याला तीच फाइल पुन्हा पाठवायला सांगा.